स्लाइसवर रेकॉर्डिंग करताय? मग आधी एसीएसएफमधलं झिंक बघा

मेंदूचा पातळ काप (स्लाइस) एसीएसएफमध्ये, म्हणजे मेंदूतल्या द्रवासारख्या खाऱ्या पाण्यात, जिवंत ठेवलाय आणि त्यातल्या न्यूरॉनचा करंट मोजताय. एनएमडीए करंट, म्हणजे ग्लुटामेटने उघडणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरमधून जाणारा, या आठवड्यात मस्त मोठा येतो, पुढच्या आठवड्यात निम्मा. उंदीर तेच, वय तेच, सेल हेल्दी, सीरिज रेझिस्टन्स (पिपेट आणि सेलमधला अडथळा) पण ठीक, आणि लॅब मीटिंगमध्ये सर स्लाइडकडे बघत विचारतात, नक्की काय वेगळं केलंस? हे ज्यांच्यासोबत झालंय किंवा होणार आहे त्यांच्यासाठी लिहितेय. मी स्वतः यात दोन महिने घालवलेत, ड्रग बदललं, पिपेटमधलं इंटर्नल सोल्यूशन बदललं, अँप्लिफायरला शिव्या घातल्या, आणि शेवटी चोर निघाला परफ्यूजन लाइनमधला, म्हणजे स्लाइसवर सोल्यूशन सोडणाऱ्या नळीतला, एक एवढासा पितळी कनेक्टर. प्लॅस्टिकचा तुटला म्हणून कोणीतरी ड्रॉवरमधला पितळी लावला होता. कोणीतरी म्हणजे मीच.

माझी आजी बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकतं म्हणायची. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणजेच झिंक, हे शाळेत पाठ केलेलं, आणि तरी मी त्याच पितळेतून दिवसभर खारं पाणी न्यूरॉनवर सोडत होते. ताक कळकतं ते जिभेला कळतं, एसीएसएफ कळकलेलं फक्त रिसेप्टरला कळतं.

तर पहिली स्टेप, काहीही विकत घ्यायच्या आधी कागद-पेन घ्या आणि आपल्या सोल्यूशनमध्ये झिंक किती असू शकतं याचा हिशोब करा. नेहमीच्या एसीएसएफमध्ये सोडियम क्लोराइड असतं १२४ मिलिमोलर, म्हणजे लिटरला साधारण ७.२५ ग्रॅम. आता समजा त्या मिठात झिंक आहे फक्त १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात एक भाग. ७.२५ ग्रॅममध्ये झालं ७.२५ मायक्रोग्रॅम, झिंकचं अणुभारमान ६५.४, भागाकार करा, ११० नॅनोमोलर येतं. हे एकट्या मिठाचं, बायकार्बोनेट, ग्लुकोज, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सॉल्ट अजून धरलेच नाहीत. बाटलीवरच्या लेबलवर हेवी मेटल्सची लिमिट लिहिलेली असते ती एकदा वाचा, किती वर्षं ती बाटली हातात घेतोय पण त्या ओळी कोणी वाचत नाही.

११० नॅनोमोलर म्हणजे काय एवढं, असं वाटेल. कॅल्शियम २ मिलिमोलर असतं, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. पण एनएमडीए रिसेप्टरमध्ये जर एनआर२ए सबयुनिट (रिसेप्टर ज्या प्रोटीनच्या तुकड्यांचा बनतो त्यातला एक) असेल तर त्याच्या बाहेरच्या टोकाला, एन-टर्मिनल डोमेनला, झिंक इतकं घट्ट बसतं की २० नॅनोमोलरच्या आसपासच अर्धा परिणाम झालेला असतो. एनआर२बी असेल तर त्यालाच साधारण १ मायक्रोमोलर लागतं. म्हणजे तुमचं कंट्रोल, ज्याला तुम्ही नो-झिंक म्हणून ग्राफवर १०० टक्के धरताय, ते आधीच दाबलेलं असू शकतं. एनआर२ए पूर्ण बंद होत नाही, काही करंट राहतोच, म्हणूनच तर शंका येत नाही. पूर्ण बंद झाला असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

याचा इतिहास थोडक्यात सांगते कारण त्यातच युक्ती आहे. झिंक एनएमडीए करंट दाबतं हे १९८७ सालीच कळलं होतं, पण मायक्रोमोलरच्या हिशोबात. मग १९९७ साली पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमधल्या पाओलेत्ती, आशेर आणि नेतों या तिघांनी दाखवलं की एनआर२एला नॅनोमोलर झिंकच पुरतं, आणि ते दाखवायला त्यांनी झिंक टाकण्याआधी झिंक काढून घेतलं. चिलेटर, म्हणजे मेटल पकडून ठेवणारं केमिकल, टाकला की करंट वाढतो, म्हणजे काहीतरी आधीपासून दाबून बसलं होतं. डीटीटी हे रिड्यूसिंग एजंट टाकल्यावर करंट वाढतो ते सगळं रेडॉक्सच्या (इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीच्या) खात्यात जायचं, त्यातला काही भाग निव्वळ डीटीटीने झिंक पकडल्यामुळे होता हेही त्यातून बाहेर आलं. तेव्हा सिस्टीन, हिस्टिडीन, डीटीटी असलं काही बाथमध्ये (स्लाइस ठेवतो त्या सोल्यूशनमध्ये) टाकून करंट वाढला तर लगेच नवीन मेकॅनिझम सापडला म्हणून नाचू नका.

आता पाणी. मिली-क्यू, म्हणजे मशीनमधून काढलेलं अतिशुद्ध पाणी, १८.२ मेगाओहम-सेंटीमीटर, त्याच दिवशी काढलेलं, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आठवडाभर पडलेलं नको. आणि बाटल्या शेवटी कशाने विसळल्या जातात ते स्वतः उभं राहून बघा. आमच्याकडे ग्लासवेअर धुणारे काका फार मन लावून काम करायचे, मिली-क्यूने विसळून झाल्यावर अजून स्वच्छ व्हावं म्हणून परत एकदा नळाखाली धरायचे! काकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आम्ही त्यांना कधी कारणच सांगितलं नव्हतं. आणि या चुकीला फार थोर परंपरा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत होता, १८८२ साली त्यावर पेपरही लिहिला, आणि मग लक्षात आलं की ते मिठाचं पाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाही, न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. खऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये केल्यावर हृदय थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हृदय चालवत होतं. १८८३ साली त्याने हे सरळ छापून टाकलं, आणि आज आपण ज्याला रिंगर्स सोल्यूशन म्हणतो ते या घोळातून आलं. आपल्या नळाच्या पाण्याने रिंगर होता येत नाही, फक्त डेटा जातो.

भांड्यांसाठी, काचेच्या बाटल्या आणि सिलिंडर १० टक्के नायट्रिक अॅसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी मिली-क्यूने पाच-सहा वेळा विसळा, फ्यूम हूडमध्ये, गॉगल घालून. स्टॉक शक्यतो चांगल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. काळे रबरी बूच ताबडतोब काढून टाका, रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात आणि ते सुटत राहतं. स्टीलच्या सुया, स्टीलचे टी-आकाराचे जोड, पितळी जोड, सोल्डर केलेलं काहीही सोल्यूशनच्या वाटेत नको. वजन करताना स्टीलचा स्पॅच्युला चालून जातो, पण गंजलेला असेल तर नाही, आणि खरं सांगायचं तर मी बाटलीतून सरळ वेट बोटमध्ये ओतते. रेफरन्स इलेक्ट्रोडची चांदीची पेलेट थेट बाथमध्ये असेल तर तिथून सिल्व्हर आयन सुटतात, तेही सेलला विषच, म्हणून मध्ये अगारच्या जेलीचा ब्रिज लावायचा. आणि हो, केसांना कोंड्याचा शॅम्पू लावून आलात तर त्यातल्या बऱ्याच शॅम्पूंत झिंक पायरिथिऑन असतं, अंगाला लावायच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये झिंक ऑक्साइड, त्यामुळे ग्लोव्ह्ज बिनपावडरचे घाला आणि सोल्यूशन ढवळताना मान लांब ठेवा. हे ऐकून लॅबमध्ये सगळे हसतात. हसू दे.

एवढं सगळं केलं तरी झिंक शून्य होत नाही, हे मात्र डोक्यात पक्कं बसवा. शून्य करायच्या नादाला लागूच नका. चेलेक्स-१०० नावाचं रेझिन मिळतं, त्यातून मिठाचं सोल्यूशन काढलं तर मेटल जातात, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमही जातं, म्हणून ते नंतर घालावं लागतं आणि त्यांच्यासोबत त्यांचा कचरा परत येतो. तेव्हा झिंक काढण्यापेक्षा झिंक बांधून ठेवायचं, म्हणजे फ्री (न बांधलेलं, मोकळं) झिंक किती राहणार ते आपण ठरवायचं. पीएचसाठी जसा आपण बफर घालतो, एकेक प्रोटॉन वेचत बसत नाही, तसंच.

यासाठी माझा पहिला चॉइस ट्रायसिन. ज्यांनी छोट्या प्रोटीनचे ट्रिस-ट्रायसिन जेल चालवलेत त्यांच्या लॅबमध्ये बाटली पडलेलीच असेल, तोच. झिंकला तो मध्यम ताकदीने धरतो, तांब्याला त्याहून घट्ट, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला जवळजवळ हात लावत नाही, म्हणून तुमचं सिनॅप्टिक रिलीज (एका न्यूरॉनमधून पुढच्याकडे रसायन सुटणं) बिघडत नाही. १० मिलिमोलर घ्यायचा, लिटरला १.७९ ग्रॅम. पीएच ७.३ ला एवढ्या ट्रायसिनमध्ये फ्री झिंक म्हणजे टाकलेल्या झिंकचा साधारण दोनशेवा भाग, मायक्रोमोलर रेंजपर्यंत हा ठोकताळा चालतो. म्हणजे वरचं ११० नॅनोमोलर उरलं अर्धा नॅनोमोलर, आणि एनआर२ए मोकळा. दोन गोष्टी मात्र विसरू नका, ट्रायसिनचा पीकेए (ज्या पीएचला अर्ध्या रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो तो) ८.१च्या आसपास, त्यामुळे तो घातल्यावर थोडा प्रोटॉन सुटतो आणि पीएच खाली येतो, साधारण दीड मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडने भरून निघतं, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) बबल करत असतानाच पीएच बघा. आणि ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) १० मिलिऑस्मोलरने वाढते, तेवढी कुठूनतरी कमी करा किंवा कंट्रोल सोल्यूशनमध्ये १० मिलिमोलर सुक्रोज घाला. पीएचचं एवढं का, तर एनएमडीए रिसेप्टर स्वतःच प्रोटॉनने दाबला जातो, ७.३ला बराचसा दाबलेलाच असतो, आणि झिंक त्याच प्रोटॉनच्या वाटेने काम करतं. पीएच ०.१ने हलला की झिंकचा परिणाम आणि पीएचचा परिणाम वेगळा करता येणार नाही.

आता टेस्ट. सगळ्यात स्वच्छ उत्तर एचईके सेलमध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी सेलमध्ये) एनआर१, जो प्रत्येक एनएमडीए रिसेप्टरमध्ये असतोच, आणि एनआर२ए एक्स्प्रेस करून मिळतं, पण ते नसेल तर स्लाइसवरही होतं. एनबीक्यूएक्सने एएमपीए (ग्लुटामेटचा दुसरा रिसेप्टर) बंद करा, पिक्रोटॉक्सिन किंवा गॅबाझीनने गाबा-ए (सेलला शांत करणारा रिसेप्टर) बंद करा, सेल +४० मिलिव्होल्टला धरा म्हणजे एनएमडीए चॅनलच्या भोकातला मॅग्नेशियमचा ब्लॉक निघून जातो, दर वीस-तीस सेकंदांनी स्टिम्युलस द्या, दहा मिनिटं बेसलाइन स्थिर येऊ द्या, मग ट्रायसिनवालं एसीएसएफ सुरू. +४०चा अजून एक फायदा असा की झिंक जास्त झालं तर ते चॅनलच्या भोकातही अडकतं, पण ती अडवणूक व्होल्टेजवर अवलंबून असते आणि निगेटिव्ह पोटेन्शियललाच जोर करते, त्यामुळे +४०ला जे दिसतं ते मुख्यतः एन-टर्मिनल डोमेनचं. करंट चढला तर तुमच्या बाथमध्ये झिंक होतं. ट्रायसिन काढून परत खाली आला तर खात्रीच. काहीच झालं नाही तर दोन शक्यता, तुमचं एसीएसएफ खरंच स्वच्छ आहे किंवा त्या वयाच्या उंदरात अजून एनआर२बीच जास्त आहे, कारण जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत २बी कमी आणि २ए जास्त होत जातं. इफेनप्रोडिल, म्हणजे २बीचा ब्लॉकर, टाकून बघा, करंटचा मोठा भाग गेला तर २बी. दहा दिवसांच्या पिल्लावर टेस्ट करून आमच्याकडे झिंकचा प्रॉब्लेम नाही असं सांगणारे मी पाहिलेत.

ईडीटीए हा नेहमीचा चिलेटर का नाही, असं कोणीतरी विचारणारच. चालतं, १० मायक्रोमोलर पुरतं, आणि २ मिलिमोलर कॅल्शियम असूनही चालतं याचं नवल वाटतं, कारण तिथे ईडीटीए सगळा कॅल्शियमनेच भरलेला असतो. पण झिंकशी त्याचं नातं कॅल्शियमपेक्षा सहा-सात लाख पटीने घट्ट, त्यामुळे झिंक आलं की कॅल्शियमला उठवून ते जागेवर बसतं. हिशोब केलात तर २ मिलिमोलर कॅल्शियममध्ये झिंकसाठी त्याचा प्रत्यक्षातला केडी (अर्ध्या जागा भरायला लागणारं प्रमाण) ३ नॅनोमोलरच्या आसपास येतो, म्हणजे कचरा साफ करायला उत्तम. फक्त त्याने अमुक इतकं फ्री झिंक सेट करणं अवघड, झिंक ईडीटीएपेक्षा किंचित जास्त झालं की एकदम उसळी मारतं. म्हणून साफसफाईला ईडीटीए आणि डोस-रिस्पॉन्सला ट्रायसिन.

सिनॅप्समधून सुटणारं झिंक पकडायचं असेल तर गोष्ट वेगळी. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसच्या मॉसी फायबर नावाच्या तंतूंच्या व्हेसिकलमध्ये (रसायन साठवणाऱ्या पिशव्यांत) ग्लुटामेटसोबत झिंक भरलेलं असतं, ते तिथे भरतो झेडएनटी३ नावाचा ट्रान्सपोर्टर, आणि तो नसलेला नॉकआउट उंदीर १९९९ सालापासून आहे. हे झिंक क्षणभर येतं आणि जातं, १ मिलिमोलर कॅल्शियम-ईडीटीए टाकला तरी तो ते पकडायला फार सावकाश पडतो, ट्रायसिनने थोडं बरं, पण अशा कामाला झेडएक्स१ नावाचा वेगवान चिलेटर वापरतात. तो महाग आहे, तेव्हा आधी ट्रायसिनवर पायलट करा. आणि नॉकआउटमध्ये झेडएक्स१चा परिणाम दिसत नाही हे दाखवल्याशिवाय रिव्ह्यूअर सोडणार नाही, ते आत्ताच प्लॅनमध्ये धरा.

मुद्दाम झिंक टाकायचं असेल तर झिंक क्लोराइडची बाटली उघडताच ओलावा ओढते, त्यामुळे वजन चुकतं, मी सल्फेट हेप्टाहायड्रेट वापरते. स्टॉक थोड्या हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये बनवा, १०० मिलिमोलरचा स्टॉक १० मिलिमोलर अॅसिडमध्ये, नाहीतर हायड्रॉक्साइड बनून खाली बसतं. २० नॅनोमोलर फ्री झिंक हवं तर १० मिलिमोलर ट्रायसिनमध्ये ४ मायक्रोमोलर टाका. बिनबफरच्या सोल्यूशनमध्ये २० नॅनोमोलर पिपेटने टाकून बसू नका, त्यातलं अर्धं नळीला चिकटतं आणि उरलेलं आधीच असलेल्या कचऱ्यात मिसळतं, तुम्ही नक्की काय दिलं हे देवालाही सांगता येणार नाही.

कॅडमियम आणि निकेलबद्दल थोडं, कारण ते आपण ड्रग म्हणून वापरतो आणि तेही मेटलच आहेत हे विसरतो. १०० मायक्रोमोलर कॅडमियमने हाय-व्होल्टेज कॅल्शियम चॅनल जवळजवळ सगळे बंद होतात, सिनॅप्टिक रिलीज थांबतं, इथपर्यंत ठीक, पण तेच कॅडमियम ए-टाइप पोटॅशियम करंटचं गेटिंग (कुठल्या व्होल्टेजला चॅनल उघडतो-मिटतो ते) पॉझिटिव्ह बाजूला सरकवतं, म्हणजे कॅल्शियम काढून पोटॅशियम बघायला गेलात आणि पोटॅशियमच बदललं. बायकार्बोनेट-फॉस्फेटवाल्या एसीएसएफमध्ये कॅडमियम गढूळ होऊ शकतं, बाटली प्रकाशाकडे धरून बघा, किंवा हेपेस बफरवालं बिनफॉस्फेटचं सोल्यूशन घ्या. आणि ५० मायक्रोमोलर निकेल म्हणजे टी-टाइप कॅल्शियम चॅनलचा ब्लॉकर असं जे सरसकट लिहितात ते फक्त त्यातल्या कॅव ३.२ या प्रकारापुरतं खरं, त्याला १२-१३ मायक्रोमोलर पुरतं, ३.१ आणि ३.३ला दोनशेच्या वर लागतं, आणि आर-टाइप कॅल्शियम चॅनल मात्र याच ५०मध्ये बऱ्यापैकी अडतो. गंमत म्हणजे कॅव ३.२ झिंकलाही एक मायक्रोमोलरच्या आत दाद देतो, म्हणजे तुमचा टी-करंट छोटा येतोय त्यालाही बाथच जबाबदार असू शकतो.

इमेजिंगवाल्यांनी इथे सुटलो म्हणू नये. फ्युरा-२ हा कॅल्शियम बघायचा चमकणारा डाय कॅल्शियमला शेकडो नॅनोमोलरला धरतो आणि झिंकला ३ नॅनोमोलरच्या आसपास. सेलला झिंक दिलं आणि कॅल्शियम वाढलं असं दिसलं तर ते झिंकच असू शकतं. टीपेन नावाचा चिलेटर टाकून बघा, तो झिंक सोडत नाही आणि कॅल्शियमला फारसं विचारत नाही, सिग्नल खाली आला तर तो कॅल्शियमचा नव्हता. फक्त टीपेन सेलच्या आत शिरतो आणि एन्झाइममधलं झिंकही ओढून काढतो, जास्त वेळ ठेवलं तर सेल मरतात, म्हणून तो शेवटच्या पाच मिनिटांत.

ट्रायसिनवालं एसीएसएफ आता रोजच वापरायचं का, यावर लॅबमध्ये दोन तट असतात. माझं मत, रोज नाही. जिवंत मेंदूतही बाहेरच्या द्रवात थोडं फ्री झिंक असतंच, ते सगळं काढून टाकणं म्हणजे वेगळ्या पद्धतीने खोटं बोलणं. पण दर नवीन मिठाच्या बाटलीला एकदा ट्रायसिन टेस्ट करायची आणि ज्या प्रयोगाचा निष्कर्ष एनआर२एवर उभा आहे तो दोन्ही सोल्यूशनमध्ये करायचा, हे मी आता सोडत नाही. आईने ऐकून विचारलं होतं की मग झिंकच्या गोळ्या घेतल्या तर डोकं चालेल का बंद पडेल. दोन्ही नाही, पण महिनोन्महिने भरमसाट झिंक पोटात गेलं तर तांबं कमी पडून पाठीच्या कण्यातल्या नसा खराब होतात, कवळीच्या झिंकवाल्या चिकट क्रीमच्या अतिवापराने असे पेशंट झालेले आहेत. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

वहीत दर रेकॉर्डिंगच्या दिवशी मिठाचा लॉट नंबर, पाण्याची तारीख आणि लाइनमधला कुठलाही बदललेला भाग लिहा, माझ्या वहीत कनेक्टर असा एक शब्द असता तर दोन महिने वाचले असते. झिंक आणि कॅडमियमच्या दिवसांसाठी ट्यूबिंगचा सेट वेगळा ठेवा, रंगीत टेप लावून, कारण ते नळीच्या आतून चिकटतं आणि दुसऱ्या दिवशीच्या कंट्रोलमध्ये उतरतं. कॅडमियमचं वेस्ट सिंकमध्ये नाही, हेवी मेटलच्या कॅनमध्ये, झाकण लावून, वर तारीख टाकून.